तेलाचा हात

"हे काय केलंत?"

मावशीने उजवा हात गळ्यातल्या झोळीत तसाच सांभाळत डाव्या हाताचं बोट तव्यावरून फिरवलं आणि मिस्त्रींच्या तोंडासमोर धरलं. बोट तांबडंलाल झालं होतं.

"धुतला," मिस्त्री म्हणाले.

"कशाने?"

"साबणाने. ती तारेची घासणी होती ना, तिने. चांगला खसाखसा."

"आणि मग?"

"मग तुला बरं वाटावं म्हणून सगळीच भांडी घासली. थोडं चिकटलेलं निघेना, म्हणून भिजत ठेवली."

"कधीपासून?"

मिस्त्रींनी उत्तर देण्याऐवजी सिंककडे पाहिलं. तिथे मधला तवा, धाकटा तवा आणि कढई गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. मावशी मागच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं, त्या संध्याकाळपासून ती तिथेच होती. थोरल्या तव्याला तेवढं मिस्त्रींनी मघाशी बाहेर काढलं होतं, कारण पाण्याचा रंग बघून त्यांच्याही मनात पाल चुकचुकली होती.

मावशी खुर्चीवर बसली. ती भडकली असती, दोन शब्द लागट बोलली असती, तर मिस्त्रींना हायसं वाटलं असतं. उभ्या संसारात तिचं बोलणं त्यांनी कानाआड करायला शिकून घेतलं होतं.  पण ती सिंककडे बघतच म्हणाली, "आईने जाताना मला दुसरं काही दिलं नव्हतं हो."

मिस्त्रींनी सिंकमधलं पाणी सोडून दिलं.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत आणि लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरींत काढली. त्या कामाची एक गंमत असते. लिफ्ट चालू असेपर्यंत मेकॅनिक नावाचा प्राणी जगात आहे हे कुणाच्या गावीही नसतं. बंद पडली, की मग मात्र सगळी इमारत त्याच्या नावाने खडे फोडते. मिस्त्रींना त्याचं कधी काही वाटलं नाही. आपलं काम दिसत नाही म्हणजे ते बरोबर झालं, असा त्यांनी आपल्यापुरता हिशेब बसवून टाकला होता. आता निवृत्तीनंतर मात्र दिवस खायला उठायचा. हात पांढरे पडले होते, नखं स्वच्छ झाली होती, आणि त्या स्वच्छ नखांकडे बघून त्यांना उगाचच ओशाळल्यासारखं व्हायचं.

मावशीचं नेमकं उलट. तिचं काम सगळ्या रस्त्याला दिसायचं. घराची पुढची खोली बस डेपोच्या फाटकासमोर. त्या खोलीच्या खिडकीला फळी ठोकून तिने खाण्याचं दुकान काढलं होतं. अंडी, कांदा घालून परतलेले बटाटे, पाव आणि चहा, बस्स. एवढ्यावर पहाटेपासून ड्रायव्हर, कंडक्टर आणि रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सा फळीपाशी गर्दी करायच्या. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण सगळा डेपो तिला मावशी म्हणायचा, आणि मग शेजारीपाजारीही ती मावशीच झाली. घरात मिस्त्री तिला 'अगं' म्हणायचे.

आणि तिचं सगळं दुकान उभं होतं ते त्या बिडाच्या भांड्यांवर. जाड, ओतीव, दोन्ही हातांनी उचलावीत अशी. तिची आई रस्ते बांधणाऱ्या टोळ्यांबरोबर हिंडायची, त्यांचा स्वयंपाक करायची. तिच्या चुलीवरून ही भांडी मावशीच्या शेगडीवर आली. दोघींनी मिळून इतकी वर्षं त्यांवर तेल मुरवलं होतं, की तव्यांची पाठ नाही पण पोट आरशासारखं काळंभोर चकाकायचं. अंडं घातलं की ते आपलं आपण सरकायचं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, मावशीच्या तव्याला ब्रेक नाहीत.

त्या तव्यांवर मिस्त्रींनी एका संध्याकाळी, मोठ्या प्रेमाने, साबण आणि तार चालवली होती.

"सांग," मिस्त्री म्हणाले. "काय करायचं ते सांग. मी करतो."

"तुम्ही?"

"मग आणखी कोण आहे घरात?"

 "बटाटा कापा," ती म्हणाली.

"भूक लागली का? थांब, पाव आणतो."

"मला नाही, तव्याला लागलीय. कापा म्हणते ना. आणि जाडं मीठ घ्या."

असं ते सुरू झालं. तवा मांडीवर घ्यायचा, त्यात मूठभर मीठ टाकायचं आणि अर्ध्या बटाट्याने ते गोल गोल घासत राहायचं. बटाट्याचं पाणी आणि मीठ मिळून तांबडा चिखल व्हायचा. तो पुसायचा, पुन्हा मीठ घ्यायचं. मिस्त्रींचे खांदे भरून आले. मावशी शेजारी खुर्ची टाकून बसलेली.

"कडेला राहिलंय."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर मग घासा ना. आणि कानाच्या बुडाशी. गंज तिथेच दडून बसतो."

धुऊन झाल्यावर तवा फडक्याने पुसून ठेवायला मिस्त्री निघाले, तर मावशी ओरडलीच. "शेगडीवर! शेगडीवर ठेवा. फडक्याने वरवरचं पाणी जातं हो, आतलं जात नाही. तापवून कोरडा करा. ओला ठेवलात तर उद्या पुन्हा हीच हजामत."

तवा कोरडा झाला. काळा नव्हता, तांबडाही नव्हता. राखाडी, उघडाबोडका, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा दिसत होता. त्याच्याकडे मावशीला बघवेना. तिने मान फिरवली आणि म्हणाली, "आता तेलाचा हात द्या."

मिस्त्रींना वाटलं, चला, हे आपल्या हातखंड्याचं काम. जन्मभर तेलात हात घातलेला माणूस. त्यांनी सढळ हाताने तेल ओतलं, सगळीकडे माखलं आणि तवा शेगडीवर उपडा टाकून दिला. खोलीभर धूर झाला. वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मावशी, काही जळतंय का हो?"

"जळत नाही," मावशी खोकत म्हणाली. "मिस्त्री शिकताहेत!"

तवा निवल्यावर मिस्त्रींनी ऐटीत तो तिच्यापुढे धरला. मावशीने हात लावला, आणि तिची बोटं चिकटली.

"डिंक फासलाय का?"

"तेलच आहे ते. तुझ्याच बरणीतलं."

"तेल आहे, पण किती? ओघळ आलेत बघा. ह्याच्यावर अंडं घातलं तर ते इथेच घर करून राहील. काढा सगळं. पुन्हा मीठ."

मिस्त्रींचा पारा चढला. तवा त्यांनी शेगडीवर आदळला. "मी तेलाच्या बाबतीत कुणाकडून ऐकून घेतलेलं नाही आजवर! माझ्या लिफ्टचे रूळ..."

"तुमच्या लिफ्टवर अंडी तळत नव्हतं कुणी."

मिस्त्री तडक बाहेर गेले. डेपोच्या भिंतीला टेकून उभे राहिले. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. मनातल्या मनात त्यांनी मावशीशी बरंच भांडून घेतलं आणि त्या भांडणात, लिफ्टच्या रुळांना तेल कसं देतात हे तिला नीट समजावून सांगायला घेतलं. रुळाला तेल जास्त झालं की त्यावर धूळ बसते. धूळ बसली की त्याचं चिकट लोणी होतं आणि लिफ्ट हिसके द्यायला लागते. म्हणून तेल लावायचं आणि लगेच पुसून काढायचं. पुसल्यावर जे उरतं, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळतं, तेवढंच खरं तेल. नव्या पोरांना त्यांनीच तर हे शिकवलं होतं.

इथवर आल्यावर मिस्त्री भांडणात हरले. ते घरात आले आणि बटाटा कापायला बसले.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही. तेल लावून पुसून टाकायचं, असंच ना?"

"अगदी लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत पुसायचं. मी तेच सांगणार होते, तुम्ही ऐकाल तर."

त्यानंतर रोज एक हात. तवा किंचित कोमट करायचा, चिंधीला तेल लावून आत, बाहेर, काठाला, कानाला फिरवायचं, कोऱ्या फडक्याने ते सगळं पुसून काढायचं, मग तवा उपडा घालून धूर येईस्तोवर तापवायचा आणि निवू द्यायचा. घाई नाही. राखाडीचा तपकिरी झाला, तपकिरीचा काळसर. एका सकाळी मिस्त्रींनी धाकटा तवा खिडकीशी नेऊन उजेडात तिरपा धरला, तर त्यात खिडकीची चौकट अंधूक दिसली. त्यांनी तो पुन्हा तिरपा धरला. मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून, त्यात आपलं तोंडही पाहून घेतलं.

नखं पुन्हा काळी झाली होती. ती त्यांनी मुद्दाम फार घासली नाहीत.

मावशी आता बारीकसारीक बोलत नव्हती. कधी कधी ती डोळे मिटून नुसती ऐकत बसायची. फडकं लोखंडावर फिरताना होणारा आवाज तिला कळायचा. "अजून ओलं आहे," असं डोळे न उघडताच म्हणायची. आणि बरोबर असायची.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी मावशीचं मनगट वळवून पाहिलं, बोटं एकेक करून दाबायला लावली. हाड छान जुळलंय म्हणाले. "पण पकड पहिल्यासारखी येणार नाही, मावशी. पेला धराल, वेणी घालाल. जड मात्र काही उचलायचं नाही. यापुढे कधीच."

"बरं," मावशी म्हणाली. घरी येताना ती वाटेत भाजीबद्दल बोलली, उन्हाबद्दल बोलली. मिस्त्रींना वाटलं, हिने मनावर घेतलं नाही.

ते कपडे बदलत होते तेव्हा पुढच्या खोलीतून दाणकन आवाज आला. धावत गेले तर मधला तवा जमिनीवर. तव्याला काही झालं नव्हतं, फरशीचा मात्र टवका उडाला होता. मावशी शेगडीपाशी उभी होती आणि आपल्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी, बघत होती.

"उचलून टांगा तो," ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मुलगी दुसऱ्या गावी राहायची. आईचं प्लॅस्टर निघाल्याचं कळताच ती सुट्टी काढून आली. येताना एक मोठं खोकं घेऊन आली. त्यात हलकी, रंगीत, आतून लेप दिलेली भांडी होती. तिने एक काढून आईच्या हातात दिलं. "बघ ना आई, फुलासारखं आहे. बाळसुद्धा उचलेल."

मावशीने ते वरखाली करून पाहिलं. "छान आहे गं."

"दुकान बंदच कर आता. पुष्कळ राबलीस. दोघांपुरतं ह्यात होईल. आणि ती बिडाची भांडी काढून टाकू. ती समोर असली की तू उचलायला जाणार आणि हात पुन्हा मोडून घेणार. तुझ्यासाठीच सांगते मी."

मुलीच्या बोलण्यात खोट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मिस्त्रींना वाटलं, आता मावशी उसळेल. पण ती पदराचा काठ बोटांना गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "कुणाला तरी द्या. पण मोडीत घालू नका. ज्याला सांभाळता येतील, त्यालाच द्या."

"मला दे," मिस्त्री म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"म्हणजे काय, बाबा?"

"ज्याला सांभाळता येतील त्याला द्या म्हणाली ना ती? मला येतात सांभाळता." मिस्त्रींचा आवाज चढला होता, आणि तो का चढला हे त्यांनाच कळत नव्हतं. "गंज माझ्यामुळे चढला, काढला मी. सगळ्या अंगाने काळे केलेत मी ते तवे. आणि आता कुणी तिसऱ्याने येऊन न्यायचे?"

"अहो, पण न्यायचे नाहीत तर काय, पूजेला मांडायचे?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजाला जुनी धार आली होती. "तुम्हाला अंडं तरी फोडता येतं का?"

"अंडं तू फोड की. डाव्या हाताने फोड. मीठ तू टाक, उलथनं तू चालव. उचलायचं तेवढं मी उचलीन. ठेवायचं मी ठेवीन. धुवायचं, पुसायचं मी बघीन. तुला काही जड उचलायचं कारणच नाही."

"आणि जमलं नाही तर?"

"नाही जमलं तर शिकव. तुझी तोंडाची पकड तर शाबूत आहे ना?"

मुलीला हसू फुटलं. मावशीने ते आवरायचा प्रयत्न केला, पण तिलाही नाही आवरलं. आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ तसाच राहिला.

दुकान उघडलं त्या सकाळी मिस्त्री अंधारातच उठून तयार बसले होते. नोकरीत त्यांनी माणसांनी भरलेल्या लिफ्टा अधांतरी लोंबकळताना पाहिल्या होत्या, तेव्हाही त्यांचा हात हलला नव्हता. पण थोरला तवा शेगडीवर ठेवण्याआधी मात्र त्यांनी हात दोनदा फडक्याला पुसले. मुलगी दाराशी उभी. फळीपलीकडे डेपोतली मंडळी, सगळ्यांत पुढे मिशाळ ड्रायव्हर. तो मावशीच्या हातचं खाल्ल्याशिवाय पहिली गाडी काढत नसे, आणि दुकान बंद असताना आपण वाळून गेलो असं सगळ्यांना सांगत सुटला होता. त्याच्या पोटाकडे बघून तसं काही वाटत नव्हतं.

तवा तापला. मावशीने पाण्याचे दोन थेंब टाकले, ते नाचत नाचत नाहीसे झाले. तिने तेल सोडलं. डाव्या हाताने तव्याच्या काठावर अंडं टचकन फोडलं. थोडंसं कवच आत पडलं, ते तिने नखाने काढलं. पांढरं पसरलं, कडेने जमायला लागलं. मावशीने उलथनं घेतलं, पण अंड्याखाली घातलं नाही.

"हलवा," ती म्हणाली.

"काय?"

"तवा हो. कान धरा आणि हलवा."

मिस्त्रींनी जाड फडक्याने कान धरले आणि एक हलका झटका दिला. अंडं जागचं सुटलं, तव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन सरकलं आणि काठापाशी थांबलं. फळीपलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली.

"मावशी, नवा तवा घेतला वाटतं?" मिशाळ ड्रायव्हरने विचारलं.

"नवा कुठला. जुनाच. आमच्या आईचा." मावशीने अंडं थाळीत उतरवून त्याच्यापुढे ठेवलं. मग उलथन्यानेच मिस्त्रींकडे दाखवून, पार मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण हे काम ह्यांचं आहे. बुडापासून ह्यांनी केलंय. मी नुसती बसून होते."

मिस्त्री खाली वाकून शेगडीची नळी तपासायला लागले. नळीला काही झालं नव्हतं. ते बराच वेळ तपासत राहिले. लिफ्टच्या कामात त्यांनी किती इमारतींतल्या माणसांना वर-खाली केलं असेल, पण चार माणसांसमोर उभं राहून, हे काम ह्यांचं आहे, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणणारी कोण, तर मावशी. जिने चांगल्याला चांगलं म्हणतानाही शब्द तोलून वापरले. वर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"धूर फार होतो," ते म्हणाले.

"हो ना," मावशी म्हणाली. "धरा आता. मागे खोळंबलेत सगळे."

मुलगी परत गेली, तेव्हा ते खोकं तिने आपल्याबरोबर नेलं. जाताना धाकटा तवा हातात घेऊन उगाच त्यावरून तळवा फिरवत राहिली आणि म्हणाली, "बाबा, पुढे कधीतरी हा मला द्या." मिस्त्री म्हणाले, "आधी येऊन शिकून जा. साबण लावणाऱ्यांना आम्ही देत नाही."

दिवस रुळावर आले. दोघांचे मिळून तीन धड हात. फळीपलीकडच्यांना त्यात काही वेगळं दिसत नव्हतं. मावशीची उजवी बोटं थंडीत आखडायची. तेव्हा ती तो हात पदराखाली घ्यायची आणि बोलत राहायची. दुपारी गर्दी ओसरली की मिस्त्री मागच्या पायरीवर भांडी घेऊन बसायचे.

अशाच एका दुपारी फळीपाशी एक तरुण बाई आली. अंगावर नर्सचे कपडे होते, पण रात्रपाळीवाल्यांतली ती नव्हती. तिच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. कागदाच्या एका कोपऱ्यातून तांबडी भुकटी गळत होती.

"चहा देऊ का?" मावशीने विचारलं.

"नको. मिस्त्री इथेच राहतात ना?" तिने पुडकं फळीवर ठेवलं आणि जरा संकोचून कागद सोडला. आत कढई होती, गंजून खवले धरलेली. "माझ्या आजीची आहे. माळ्यावर सापडली. हॉस्पिटलात सगळे म्हणाले, टाकून देण्याआधी एकदा मिस्त्रींना दाखव. ते ठीक करतात म्हणे."

मावशीने कढई पाहिली. इतकी वर्षं या फळीपाशी जो येई तो तिलाच शोधत येई. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. तिथून फडकं लोखंडावर फिरल्याचा एकसारखा आवाज येत होता.

"आहेत ना," ती म्हणाली. "आत या, पण जरा थांबावं लागेल. त्यांचे हात तेलात आहेत."

आणि डाव्या हाताने तिने बाईसाठी खुर्ची पुढे ओढली.